३८० पौंडांची फाइल आणि बॅलिमनीचा विणकर

आयर्लंडमध्ये गेलेल्या स्कॉटिश पूर्वजाचा माग काढायचा असेल, तर निघण्याआधी कुणालाही एक पौंडसुद्धा देऊ नका. माझ्या सासऱ्यांनी दिले, ३८०. बदल्यात पोस्टाने आली एक चकचकीत फाइल. तिच्यात ग्रिफिथच्या मूल्यांकनाचं (एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडभरच्या घर-जमीन करआकारणीचं) एक पान, त्याचा नकाशा, १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे फॉर्म, आडनावाचं रंगीत मानचिन्ह आणि शेवटी एक वाक्य: बाकी सगळं १९२२ च्या आगीत जळालं, पुढे शोध शक्य नाही.

कंपनीचं नाव देत नाही, पण हिशेब मांडते. ग्रिफिथचं मूल्यांकन नकाशांसकट इंटरनेटवर फुकट आहे. १९०१ आणि १९११ ची जनगणना आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर, तीही फुकट. मानचिन्हाची तर कमालच. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह एका माणसाला मिळतं, अख्ख्या आडनावाला नाही, आणि ते देण्याचा अधिकार लॉर्ड लायनच्या कचेरीचा. म्हणजे ते पान निव्वळ शोभेचं. थोडक्यात, ३८० पौंड गेले ते बाइंडिंगला.

पण मला खरा राग आला तो त्या शेवटच्या वाक्याचा. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार उडालं, हे खरंच. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, मृत्युपत्रं गेली, अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांशी मात्र या आगीचा काही संबंध नाही. त्यातल्या पहिल्या दोन सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या आणि पुढच्या दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. आणि प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडमध्ये रुजलेल्या प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळ्यांच्या नोंदवह्या त्या इमारतीत नव्हत्याच! त्या ज्या त्या चर्चकडे राहिल्या. आमचा माणूस स्कॉटलंडमधल्या एअरशायरचा हातमागवाला, पक्का प्रेस्बिटेरियन, १८२० च्या दशकात समुद्र ओलांडून अँट्रिम परगण्याच्या उत्तरेला बॅलिमनीच्या बाजूला गेलेला. त्याचे कागद जळायला तिथे होते कुठे? 'सगळं जळालं' असं कुणी म्हणालं की पाकीट खिशात टाका आणि उठा.

आता कामाचं. सगळं अडतं ते टाउनलँडवर. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान महसुली तुकडा. आयर्लंडभर असे ६० हजारांवर आहेत, एकाच नावाचे अनेक. नुसतं 'अँट्रिम' माहीत असून काही होत नाही. आधी टाउनलँड शोधा, मग पॅरिश (अनेक टाउनलँड मिळून होणारा चर्चचा विभाग), मग आसपासच्या मंडळ्या. मंडळ्या हा शब्द अनेकवचनात मुद्दाम वापरला. एका छोट्या गावात दोन-तीन प्रेस्बिटेरियन चर्च सहज असतात, कारण ही माणसं आपापसात भांडून वेगळी होण्यात पटाईत. पहिल्या वहीत नाव नसेल तर दुसरी, तिसरी बघायची. १८४५ आधीची लग्नं अँग्लिकन वहीतही तपासा. जोडप्यातलं एक प्रेस्बिटेरियन आणि दुसरं अँग्लिकन असेल, तर प्रेस्बिटेरियन पाळकाने लावलेलं लग्न कायद्याने पक्कं धरत नसत.

या वह्यांच्या मायक्रोफिल्म बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात, टायटॅनिक क्वार्टरमध्ये आहेत. प्रवेश फुकट, फोटो ओळखपत्र दाखवून कार्ड काढायचं. बॅग लॉकरमध्ये, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. कामाचे वार आणि वेळा जायच्या आधी साइटवर बघा, दारातून परत येऊ नका. मायक्रोफिल्मचं यंत्र मान मोडतं. पाळकाचं अक्षर, फिकी शाई, ओरखडे, आणि दर दहा नावांत एक आपलं आडनाव, कारण ते आडनाव तिकडे पैशाला पासरी. संध्याकाळपर्यंत डोळ्यांपुढे पांढरे ठिपके नाचत होते. तिथला कर्मचारीवर्ग मात्र शांत आणि मदतीला तत्पर. फुकटात मिळालेली ती मदत ३८० पौंडांच्या फाइलपेक्षा कितीतरी पटींनी खरी होती.

तिथे मुलांचे बाप्तिस्मे मिळाले, टाउनलँडच्या नावासकट. मग घरबसल्या एक गंमत हाती लागली. अँट्रिमच्या काही पॅरिशांची १८५१ च्या जनगणनेची पानं आगीतून बचावली आहेत, रशार्किन आणि बॅलिमनीचा काही भाग त्यात येतो. आमचा विणकर तिथे बायकामुलांसह सापडला. जन्मस्थळ: स्कॉटलंड. बस्स, एवढंच. १९०१ आणि १९११ मध्येही तीच तऱ्हा. आयर्लंडमध्ये जन्मलेल्याचा परगणा लिहायचा, बाहेरच्याचा नुसता देश. ज्या एका शब्दासाठी आपण समुद्र ओलांडला तोच शब्द रकान्यात नाही.

ज्यांच्या पॅरिशची पानं नाहीत त्यांनी पेन्शनचे अर्ज बघावेत. १९०९ पासून सत्तरीपुढच्यांना पेन्शन सुरू झाली. १८६४ आधी आयर्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी नव्हती, म्हणून वयाच्या पुराव्यासाठी कारकून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत घर शोधून उतारे लिहीत. मूळ वह्या जळाल्या, पण हे उतारे बरेच उरले. पूर्वज स्वतः तोवर हयात नसला तरी एखादी मुलगी असते, आणि तिच्या अर्जात आईबापांची नावं असतात. याच पेन्शनपायी १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येक लोक पंधरा वर्षांनी म्हातारे झाले. तेव्हा १९११ च्या वयावर विश्वास ठेवू नका.

ग्रिफिथनंतरच्या फेरतपासणीच्या वह्या उत्तर आयर्लंडपुरत्या बेलफास्टच्या साइटवर आहेत, १८६४ ते १९३३. आपल्याकडचे फेरफार आठवा: जुनं नाव खोडून नवं, दर खेपेला वेगळ्या रंगाची शाई. बाप केव्हा गेला, घर कुणाकडे आलं, हे मृत्यूची नोंद न मिळताही कळतं. १८२३ ते १८३७ च्या दशमांश कराच्या वह्यांवर मात्र फार विसंबू नका. त्यात जमीन कसणारे येतात. खोलीत माग टाकून बसलेला भाडेकरू येत नाही. आमचा नव्हता.

एअरशायरमधलं गाव सापडलं ते सेशनच्या, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या सभेच्या, इतिवृत्तात. नव्या मंडळीत येणारा माणूस जुन्या पाळकाचा दाखला आणत असे. आमच्याने आणला होता: डॅलरीहून. मी वाचनकक्षात ओरडायचीच राहिले. बॅलिमनीला जाताना आगगाडीत सासऱ्यांनी सगळ्यांना चॉकलेट वाटलं, अनोळखी लोकांनासुद्धा. मग नवऱ्याने फोनवर नकाशा उघडला आणि म्हणाला, डॅलरी दोन आहेत. एक एअरशायरमध्ये, दुसरं कर्कूब्रीशायरमध्ये. घरातली ऐकीव गोष्ट एअरशायरची, पण ऐकीव गोष्टींवरच तर त्या कंपनीने पैसे केले होते.

दुसऱ्या दिवशीचं कब्रस्तान हा या सहलीतला सगळ्यांत वाईट टप्पा, आणि तो कुणी सांगत नाही. प्रेस्बिटेरियन लोक दफनाच्या नोंदी क्वचितच ठेवत, त्यामुळे दगड वाचणं भाग आहे. बस मुख्य रस्त्यावर सोडते. पुढचा रस्ता दोन्ही बाजूंनी उंच कुंपणाचा, अरुंद, पायवाट शून्य. ट्रॅक्टर अंगावर येतो तेव्हा कुंपणात घुसायचं, आणि कुंपणात काटे. वर आडवा पाऊस. सासरे सत्तरीचे, पण रोज चालणारे, म्हणून निभावलं. सवय नसेल तर बॅलिमनीहून टॅक्सी करा आणि तिला थांबवून ठेवा, पैसे गेले तरी चालतील. कब्रस्तानात गुडघाभर खाजकुयलीसारखी झुडपं, पँट जाड हवी. अक्षरं दिसत नसली तर खडू फासू नका, खरवडू तर मुळीच नका. बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाका, उमटतात. आम्हाला तीन दगडांवर आडनाव मिळालं, आपलं एकही नाही. विणकराला दगड परवडला नसावा. इतक्या हालांच्या मोबदल्यात काहीही नाही. आधी गावच्या कबरलेखांची छापील यादी ग्रंथालयात विचारा, यादीत नाव नसेल तर जाऊच नका.

डॅलरी कोणतं हा प्रश्न सुटला तो स्कॉटलंडच्या बाजूने. जुन्या आयरिश मृत्युनोंदीत आईबापांची नावं नसतात, लग्नाच्या नोंदीत फक्त बाप. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून मृत्युनोंदीत दोघांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. म्हणून मागे राहिलेला भाऊ शोधा. आमच्या विणकराचा भाऊ १८६० च्या दशकात एअरशायरमध्येच वारला. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर त्याच्या नोंदीचं पान दीड पौंडाला मिळालं. त्यातली आईबापांची नावं घेऊन एअरशायरमधल्या डॅलरीची जुनी बाप्तिस्म्याची वही उघडली, तर दोघे भाऊ तिथे. दीड पौंड!

डब्लिनला जावं का? पूर्वज जमीनदार किंवा व्यापारी असेल तर हेन्रिएटा स्ट्रीटवरची दस्तनोंदणी कचेरी बघण्यासारखी आहे, नोंदी १७०८ पासूनच्या. विणकर, मजूर, साधं कूळ यांच्यासाठी तो दिवस वाया जातो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी तर दोनदा विचार करावा. बेलफास्ट ते डब्लिन बसमध्ये कुणी अडवेलच असं नाही, पण देश बदलतो आणि व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असला तरी आयर्लंडचा व्हिसा वेगळा. भारतातून पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांनी त्यावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा आहे का ते बघावं, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं.

जायंट्स कॉजवे, पोर्टरश वगैरे छान आहे, ते सगळीकडे लिहिलेलं सापडेल.

स्कॉटलंडहून बोटीने जाणार असाल तर केर्नरायनच्या बंदरापर्यंत रेल्वे नाही. सर्वांत जवळचं स्टेशन स्ट्रॅनरार, तिथून दहाएक किलोमीटर. ग्लासगोहून रेल्वे, जोडबस आणि बोट मिळून एकच तिकीट मिळतं, ते घ्या. सुटं काढून आयत्या वेळी स्ट्रॅनरारला टॅक्सी शोधत बसू नका.