काकू, इतक्या झटपट फोटो कसा काय सापडतो?

आमच्या रानफुलांच्या ग्रुपवर कुणी विचारलं, "कळलावीच्या फळाचा फोटो आहे का कुणाकडे?", की पाच मिनिटांत माझा फोटो जातो. मग ठरलेला प्रश्न येतो: "काकू, तुम्हाला इतक्या झटपट कसा सापडतो?" "अगं, नावं घालून ठेवते," एवढं सांगून मी सुटते. पण गेल्या महिन्यात तिघींनी विचारलंत, म्हणून एकदाच काय ते सविस्तर.

माझ्याकडे अडतीस हजारांच्या आसपास फोटो आहेत, त्यातले बरेचसे येऊरचे. सुरुवातीला मी नुसते फोल्डर करायचे: '२०११ सप्टेंबर कास', '२०१२ जुलै येऊर'. सहल आठवली की फोटो सापडायचा. पण "कळलावीचे सगळे दाखव" म्हटलं की पंचाईत, कारण ती दहा सहलींत विखुरलेली. मग 'कळलावी' असा वेगळा फोल्डर करून त्यात कॉप्या टाकल्या. एकच फोटो चार ठिकाणी झाला आणि त्यातला नीट केलेला कुठला तेच कळेना. कीवर्डचं, म्हणजे फोटोला चिकटवलेल्या शोधायच्या शब्दाचं, तसं नाही. बरणी एकच, तिच्यावर चिठ्ठ्या हव्या तेवढ्या.

पहिल्या उत्साहात मी 'हिरवा', 'थेंब', 'सुंदर' असलं वाट्टेल ते चिकटवलं. 'सुंदर'चे नऊशे फोटो झाले. आपणच काढलेला फोटो आपल्याला सुंदर वाटणारच, त्यात नोंद काय करायची! एका दुपारी बसून ते सगळे शब्द उडवले. आता शब्द घालण्याआधी मी स्वतःला एकच विचारते: पुढे कधी हा फोटो लागला तर मी काय टाइप करेन? फुलाचं नाव, जागा आणि अवस्था, म्हणजे कळी, फूल, फळ की नुसतं पान. तारीख घालत नाही. ती कॅमेरा फाइलमध्ये लिहूनच ठेवतो. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र तपासा. बॅटरी काढल्यामुळे आमची भर जुलैतली आंबोलीची सहल १ जानेवारीला झालेली आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही आतली माहिती गळून जाते, म्हणून मी तुमच्याकडे 'डॉक्युमेंट म्हणून पाठव गं' अशी भुणभुण करत असते.

नावांचा घोळ मोठा आहे. कळलावी, अग्निशिखा, खड्यानाग, सगळी एकच बाई. कारवी काही पुस्तकांत कार्व्हिया कॅलोसा असते, काहींत स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. मी सगळी नावं घालते, कारण विचारणारा कुठलं नाव घेऊन येईल सांगता येत नाही. शुद्धलेखनाची गंमत वेगळीच. हरिश्चंद्रगड मी कधी अनुस्वार देऊन लिहिला, कधी 'न' जोडून, आणि कॉम्प्युटरने दोन गड केले. तेव्हापासून शब्द दरवेळी नव्याने टाइप करत नाही, यादीतूनच उचलते.

खरी परीक्षा घेतली ती कारवीने. आपल्या बोरिवली-येऊरच्या जंगलात ती आठ वर्षांनी फुलते: २००८, २०१६, २०२४. मधल्या काळात माझं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि त्यात हौसेने रचलेले अल्बम त्याच्याबरोबर गेले. कीवर्ड वाचले, कारण ते फोटोच्या फाइलमध्येच लिहिले जात होते. वृत्तसंस्थांनी बातम्यांच्या फोटोंसाठी आयपीटीसी नावाची पद्धत ठरवली, त्यात कीवर्डांना ठरावीक जागा आहे. दुसरं सॉफ्टवेअर ती वाचू शकतं. आता मी डिजिकॅम (digiKam) नावाचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे. त्याच्या सेटिंगमध्ये शब्द फाइलमध्ये लिहायचा पर्याय आहे, तो आधी चालू करा, बाकी सगळं नंतर.

तर २०२४ च्या सप्टेंबरात मी 'कारवी, येऊर, फूल' असं शोधलं आणि २०१६ चे तीनशे चाळीस फोटो क्षणात समोर आले. मला हवा होता तेव्हाचाच उतार, आत्ता त्यावर झुडपं वाढली की कमी झाली ते बघायला. पण तीनशे चाळीस फोटोंत सगळीकडे जांभळं! शेवटी एका फोटोच्या कोपऱ्यात मागे एक काटेसावर दिसली, डावीकडे कललेली. ती मला माहीत होती. तिच्यावरून आणखी अकरा फोटो ओळखले. तेव्हापासून माझ्या यादीत 'वाकडी सावर' असा शब्द आहे. 'हे घसरले ती जागा' असाही आहे. आमच्या ह्यांना तो आवडत नाही, पण त्या वळणावरची आमरी (ऑर्किड) शोधायला दुसरा शब्दच नाही.

"फोन हल्ली आपोआप ओळखतो की," असंही तुमच्यातल्या एकीने म्हटलं. ओळखतो. माझ्या फोनवर 'जांभळी फुलं' शोधलं तर कारवी येते, तेरडा येतो आणि धाकट्या जावेची पैठणीही येते. वाकडी सावर त्याला कोण सांगणार?

जुना ढीग एका बैठकीत उपसायला जाऊ नका, चौथ्या दिवशी सोडून द्याल. कुणी फोटो मागितला, शोधलात, की तेव्हाच त्याला शब्द घाला. नव्या सहलीचे फोटो मात्र त्याच रात्री. आधी डिलीट, दीडशेचे तीस होतात. मग सगळ्यांना एकदम जागेचं नाव, मग एकेकाला फुलाचं. चहा गार व्हायच्या आत होतं, फूल ओळखीचं असेल तर.

नसेल तर 'नाव माहीत नाही'. हा शब्द जरूर ठेवा. माझ्याकडे त्यात २१२ फोटो आहेत. पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा तो उघडून बसते. कधी एखादं सुटतं, कधी तुमच्यातलंच कुणी सोडवून देतं. एक गवत २०१३ पासून तिथेच आहे. गवतं मला येत नाहीत.