टोळी मोठी म्हणजे एरिया मोठा? एवढं सरळ नाहीये ते

खाणारी तोंडं वाढली की जागा जास्त लागणार, यात कसलं आलंय संशोधन, असं मला माकडांच्या टोळ्यांबद्दल आधी वाटायचं. आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. फळांनी लगडलेल्या झाडावर दहा माकडं चढली तर निवांत खातात, चाळीस चढली की झाड बघता बघता साफ, मग उठा आणि पुढचं झाड गाठा, म्हणजे रोजची पायपीट वाढली आणि वर्षभरात टोळी जेवढ्या भागात फिरते तो भाग, म्हणजे होम रेंज, तीही वाढली. होम रेंज म्हणजे राखलेली हद्द नव्हे बरं का, शेजारच्या टोळ्यांच्या रेंज बऱ्याचदा एकमेकींत घुसलेल्या असतात.

पाला खाणाऱ्यांना हे लागू नाही असं बरीच वर्षं मानायचे, पानं काय सगळीकडेच असतात! पण युगांडातल्या किबाले जंगलात रेड कोलोबस या पाला खाणाऱ्या माकडांच्या मोठ्या टोळ्याही जास्त चालताना दिसल्या, कारण त्यांना कोवळी पानं हवी असतात आणि ती संपतात.

खरी मजा पुढे आहे. मोठी टोळी जास्त जागा खाते आणि भांडणात डोकीही तिच्याकडेच जास्त, मग लहान टोळ्या अजून शिल्लक कशा? पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर मार्गारेट क्रोफुट आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॅपुचिन माकडांना रेडिओ कॉलर घालून हेच पाहिलं, २००८ मध्ये ते छापून आलं. समोरच्या टोळीपेक्षा एक माकड जास्त असलं तर जिंकण्याची शक्यता १० टक्क्यांनी वाढते, पण आपल्या रेंजच्या मध्यापासून दर १०० मीटर लांब गेलं की ती ३१ टक्क्यांनी घटते. म्हणजे घरात सगळेच वाघ! नंतर २०१२ मध्ये स्पीकरवरून परक्या टोळीचे आवाज ऐकवले तर रेंजच्या कडेला माकडं पुढे यायला कचरतात असं दिसलं, आणि आपली टोळी जितकी मोठी तितकी पळ काढणारी जास्त, बाकीचे बघून घेतील की! मला हे भयंकर ओळखीचं वाटलं.

म्हणून अमुक माकडांना तमुक हेक्टर असं कोष्टक कुणी दिलं की मला शंकाच येते. केनियात अंबोसेलीच्या बॅबून माकडांवर १९७१ पासून लक्ष ठेवलंय, तिथल्या पाच टोळ्यांचा ११ वर्षांचा डेटा २०१५ मध्ये आला त्यात मधल्या आकाराच्या टोळ्या सगळ्यात सुखी निघाल्या. हे कळलं कसं, तर विष्ठेतल्या स्ट्रेस हॉर्मोनवरून. मोठ्या टोळीत आपसातच खाण्याची ओढाताण आणि चाल जास्त, आणि लहान टोळीला मोठ्या टोळ्यांपुढे नमतं घ्यावं लागतं, शिवाय शिकाऱ्यांची धास्ती कमी असलेल्या जागाही तिच्या वाट्याला कमी येतात असा अंदाज आहे.

टोळी फारच फुगली की कधीकधी ती कायमची फुटते. माद्या बहुतेक वेळा आईकडच्या नात्यातल्या माद्यांसोबत एका बाजूला जातात, पण ते नेहमी जमतंच असं नाही, आणि ज्यांच्या वाट्याला लहान तुकडा येतो त्यांची खाण्यावरून घरातली भांडणं कमी होतात, बाहेरची सुरू होतात.