लंडनची जोडघरं: २३ आणि २५ ब्रूक स्ट्रीट (आणि आत्याचे गुडघे)

ही शेजारशेजारची दोन घरं आता मिळून एक म्युझियम आहेत, २५ नंबरमध्ये अठराव्या शतकात संगीतकार हॅन्डेल राहायचा आणि २३ मध्ये विसाव्या शतकात रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स. सगळ्यात आधी हे सांगते की मंगळवारी जाऊ नका. आम्ही गेलो आणि दार बंद. चूक आमचीच, वेबसाइट उघडून बघायचे कष्ट कोणीच घेतले नव्हते, मी म्हटलं भावाने बघितलं असेल, त्याला वाटलं मी. हॅन्डेल हेन्ड्रिक्स हाउस बुधवार ते रविवार उघडं असतं, तरी निघण्याआधी एकदा चेक करा आणि तिकीट ऑनलाइनच काढा.

पण त्या मंगळवारी एक बरं झालं, आत जाता येत नाही म्हणून समोरच्या फुटपाथवर उभं राहून घर नीट बघितलं, नाहीतर सगळे ‘इथे अमुक राहायचा’ सांगणाऱ्या निळ्या पाट्यांचा फोटो काढून सरळ आत घुसतात. विटा बघायच्या तर २५ नंबरच्या. भिंत तपकिरी विटांची, खिडक्यांच्या कडेने मात्र लाल विटा, म्हणजे साडीला काठ असावा तशा. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये घरबांधणीचे नियम कडक होत गेले, १७०७ च्या कायद्याने छपराची बाहेर आलेली लाकडी कड बंद केली म्हणून वर विटांचा कठडा दिसतो आणि छप्पर त्याच्या मागे लपतं. १७०९ मध्ये आणखी एक नियम आला, खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी भागापासून चार इंच आत घ्यायची, आग खिडकीतून खिडकीत जाऊ नये म्हणून. आता नियम आहे म्हणजे सगळ्यांनी पाळला असं थोडंच आहे, ह्या मेफेअर भागात फिरताना कुठल्या घराने पाळला आणि कुठल्याने कानाडोळा केला हे बघत चालायला मजा येते.

गुरुवारी परत गेलो, ह्या वेळी आत्याही बरोबर होती. आत्याचं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलंय, त्यामुळे जुनं घर म्हटलं की ती परीक्षकाच्या नजरेनेच आत शिरते. मी तिला सांगितलं, हे घर शनिवारवाड्याहूनही जुनं आहे, वाड्याचं काम १७३० ला सुरू झालं आणि इथे हॅन्डेल १७२३ ला राहायला आला, नव्या कोऱ्या घराचा पहिला भाडेकरू. जर्मनीहून आलेला हा संगीतकार, ब्रिटिश नागरिकत्व १७२७ ला मिळालं, पण घर कधी विकत घेतलंच नाही, १७५९ ला ह्याच घरात वारला तोपर्यंत भाड्यानेच. "छत्तीस वर्षं भाड्याने! पागडी तरी दिली होती का?" असं आत्याने भर म्युझियममध्ये मोठ्याने विचारलं. नशीब, मराठीत.

आत गेल्यावर कळतं की हे घर म्हणजे मुळात एक जिना आहे आणि त्याला खोल्या चिकटवल्यात. रस्त्याकडची जागा महाग, म्हणून प्लॉट अरुंद आणि खोल. प्रत्येक मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक, त्याला चिकटून कोठीएवढी छोटी खोली, की संपला मजला. वाड्यात कसं सगळं चौकाभोवती पसरतं, इथे तेच एकावर एक रचलंय. तळघरात स्वयंपाकघर, म्हणजे जेवण रोज जिन्याने वर न्यायचं, त्यावर बैठक, पहिल्या मजल्यावर पुढची खोली तालमीची आणि मागची तो लिहायला बसायचा ती, १७४१ मध्ये ‘मसाया’ ही त्याची सगळ्यात गाजलेली संगीतरचना त्याने चोवीसेक दिवसांत ह्याच घरात लिहिली. त्याच्याही वर झोपायची खोली, लाल पडद्यांचा पलंग. भिंतींना लाकडी फळ्यांचं आवरण आणि करडा रंग, फोटोत उदास दिसतो पण खिडकीचा उजेड पडला की सुंदर दिसतो. मी जिन्याचा कठडा बघण्यात जास्त रमले, लाकडाचे बारीक कातलेले खांब आहेत, हात फिरवावासा वाटतो (फिरवला नाही).

मग भिंतीपलीकडे, २३ नंबरच्या वरच्या मजल्यावर जिमी हेन्ड्रिक्स. तो १९६८ ला आठवड्याला ३० पौंड भाड्याने आला, खाली रेस्टॉरंट होतं. तीच अरुंद खोली, पण जमिनीवर गालिचे, मोरपंखी मखमली पडदे, पलंगावर छताला शाल टांगलेली. शेजारी हॅन्डेल राहायचा हे कळल्यावर त्याने त्याच्या रेकॉर्ड्स विकत आणल्या. मला त्या गिटारवाल्याचं फारसं काही नाही, पण एकाच ठेवणीची दोन घरं आणि मधे दोनशे पंचेचाळीस वर्षं, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

आता जाणाऱ्यांसाठी. स्टेशन बॉन्ड स्ट्रीट, तिथून पाचेक मिनिटं चाला. जुन्या ब्लॉगवर मागच्या गल्लीतून शिरा असं लिहिलेलं असतं, ते सोडून द्या, २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रवेश २५ नंबरच्या पुढच्या दारातून आहे आणि तळघर, तळमजलाही तेव्हाच बघायला मिळायला लागला. गुडघे दुखत असतील तर लिफ्टचं आधी विचारा, आम्ही विचारलं नाही आणि आत्या दुसऱ्या मजल्यावर खुर्ची बघून बसायला निघाली तर ती प्रदर्शनातली. दोन तास धरा. तालमीच्या खोलीत कधीकधी कोणी वाजवत असतं, असेल तर घाई करू नका. हॅन्डेल ज्या चर्चला जायचा ते सेंट जॉर्जेस, हॅनोव्हर स्क्वेअर, जवळच आहे.

आणि त्याच दिवशी विटांचं आणखी एक उंच घर जोडता येतं, १० किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, २०१५ ला महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. बॉन्ड स्ट्रीटहून एलिझाबेथ लाइनने टॉटेनहॅम कोर्ट रोड, तिथे नॉर्दर्न लाइनची एजवेअरची गाडी पकडायची, हाय बार्नेटची नाही, आणि चॉक फार्मला उतरायचं. तिथेही जिने आहेतच. आत्या म्हणाली, "बाबासाहेबांसाठी चढेन."