१४९ पूर्णांक एक तृतीयांश

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी मजकूर पाठवा असं पत्र आलं, विषय मोकळा. मोकळा विषय म्हटल्यावर सहल, स्नेहसंमेलन आणि घंटा वाजवणारे मामा यांच्यावर बरेच जण लिहितील. ते त्यांनी लिहावं. मला लिहायचंय ते नववीला इतिहास शिकवणाऱ्या आपल्या सरांच्या तक्त्याबद्दल. नाव लिहीत नाही. १९८६ च्या आसपासच्या मुलांना ‘तक्त्याचे सर’ एवढं पुरे.

यशवंतराव चव्हाणांवरच्या निबंधात ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आलं की सर दोन मार्क कापत. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, त्यामुळे १२ मार्चच्या जयंतीला निबंध ठरलेला, आणि वर्गातल्या सगळ्या वह्यांत सह्याद्री धावत सुटलेला असायचा. समासात लाल शाईनं एकच प्रश्न असे : ‘धावून काय केलं?’

या प्रश्नाच्या उत्तरासाठी तक्ता होता. ड्रॉइंगचे चार कागद खळीनं जोडलेले, मागं जुन्या नकाशाचं कापड, वरखाली लाकडी पट्ट्या. रकाने पाच : पद, तारीख, आधी काय बिघडलं होतं, हाताशी काय होतं, मागं काय राहिलं. पहिले दोन रकाने गाईडात मिळतात, त्याला मार्क नाहीत, असं सर पहिल्याच तासाला सांगून टाकत. मुंबईच्या ओळी बारीक अक्षरात होत्या. १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या गृहखात्यात संसदीय सचिव, १९५६ ला मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १९६० ला महाराष्ट्राचे, १९६१ ला साताऱ्याचं सैनिक स्कूल, देशातलं पहिलं. दिल्लीची ओळ आली की अक्षर मोठं व्हायचं.

संरक्षणखात्याची शपथ २१ नोव्हेंबर १९६२ ची. चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच सुमाराला, म्हणजे धावायला युद्ध शिल्लकच नव्हतं. वाट्याला आलं ते हरलेलं सैन्य आणि पुढाऱ्यांवरचा त्याचा उडालेला विश्वास. इथं मुलं हमखास एक चूक करत : आधी खासदार, मग मंत्री असं लिहीत. घटनेच्या ७५ व्या कलमानं मंत्र्याला सभागृहात निवडून यायला सहा महिने मिळतात. मुंबईहून गेलेले चव्हाण १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेवर गेले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला त्यांनी पराभवाच्या चौकशीतले निष्कर्ष संसदेसमोर ठेवले. निष्कर्षच, त्या चौकशीचा मूळ हेंडरसन ब्रूक्स अहवाल कुलपातच राहिला. मग १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना : सव्वाआठ लाखांचं भूदल आणि हवाईदलाच्या ४५ स्क्वाड्रन. भाषणं नकोत, हे आकडे पाठ करा, असा सरांचा आग्रह.

१ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ मात्र ते स्वतः उभे राहून सांगत. पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसलेले. चारच्या सुमाराला लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलाचे अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. मंत्रिमंडळाची बैठक लागेपर्यंत न थांबता चव्हाणांनी विमानं वापरायला परवानगी दिली, आणि पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पठाणकोटहून पहिली व्हॅम्पायर उडाली. ही विमानं जुनाट होती, पहिल्याच संध्याकाळी त्यातली चार पडली. चौथ्या रकान्यात सरांनी हेही लिहिलं होतं. निर्णय वेळेवर झाला म्हणून साधन नवं होत नाही, ते आधीच्या बजेटांमध्ये झालेलं असावं लागतं.

गृहखात्याची ओळ आम्ही भराभर उरकली, असं आता वाटतं. दिल्लीतल्या गोहत्याबंदी मोर्चावरच्या गोळीबारानंतर गृहमंत्री गुलझारीलाल नंदांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये ते खातं चव्हाणांकडे आलं. पाचव्या रकान्यात पक्षांतरावरची चव्हाण समिती होती. एका वर्षात ४३८ पक्षांतरं, आणि सात राज्यांतल्या २१० पक्षांतर करणाऱ्या आमदारांतल्या ११६ जणांना मंत्रिपदं. कायदा व्हायला १९८५ उजाडलं. आमचा वर्ग या आकड्याला हसला होता. आता कोण हसतं?

आता मुख्य गोष्ट. राजवाडा चौकातून सायकल मारत शाळेत येणाऱ्या पोरांना संस्थानिक म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं, पण तनखे, म्हणजे संस्थानं विलीन झाल्यावर राजांना सरकारकडून दरसाल मिळणारे पैसे, कसे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. १९७० साली तनखे बंद करणारं घटनादुरुस्ती विधेयक चव्हाणांनी मांडलं. सरांनी फळ्यावर चार आकडे लिहिले. लोकसभा : बाजूनं ३३२, विरोधी १५४. राज्यसभा : बाजूनं १४९, विरोधी ७५. नियम सांगितला : एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत आणि हजर राहून मत देणाऱ्यांतली दोन तृतीयांश हवीत. पहिली अट दोन्हीकडे पुरी झाली होती. दुसरी तुम्ही काढा.

लोकसभेचं सोपं होतं. ४८६ ची दोन तृतीयांश ३२४, मिळाली ३३२. राज्यसभेचे २२४. पुढच्या बाकावरच्या एकानं झटक्यात उत्तर दिलं, “पास! १४९ पूर्णांक तेहतीस येतं. पाचाच्या आतलं सोडून द्यायचं, गणिताच्या सरांनीच सांगितलंय.” सर बराच वेळ फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, “तू त्या दिवशी राज्यसभेत असतास तर राजेलोकांचा तनखा तिथंच संपला असता.” एक तृतीयांश माणूस हात वर करत नाही, म्हणून १५० लागत होते आणि विधेयक पडलं. प्रकरण स्टाफरूममध्ये गेलं असावं, कारण पुढच्या तासाला गणिताचे सर येऊन आसन्न किंमत वेगळी आणि ‘कमीत कमी इतके’ वेगळं यावर अर्धा तास बोलले. दोन्ही सरांनी मिळून शिकवलेला तेवढा एकच धडा.

पुढचं सरांनी एका दमात सांगितलं. मत पडलं ५ सप्टेंबरला. लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशानं राजांची मान्यताच काढून घेतली. १५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला. लोकसभा बरखास्त झाली, १९७१ ची निवडणूक झाली आणि २६ व्या घटनादुरुस्तीनं तनखे गेले. दारानं जमलं नाही, खिडकीतून जमलं नाही, मग पुन्हा दारानंच.

अर्थखात्याच्या ओळीत १९७३-७४ चं बजेट, ५५० कोटींची तूट. कारणाच्या रकान्यात सरांनी फक्त ‘दुष्काळ’ लिहिलं होतं. १९७२ साली घरातली माणसं खडी फोडायला गेलेली बरीच मुलं वर्गात होती. त्यांना एवढा शब्द बस्स झाला.

परराष्ट्र खात्याच्या ओळीत एक लाल दोरा होता. १० ऑक्टोबर १९७४ ला खातं हाती आलं आणि २८ तारखेला किसिंजरबरोबर भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सही झाली. पण दोरा तिथं नव्हता. तो एप्रिल १९७६ वरून निघून थेट १९६२ च्या ओळीला टाचणीनं अडकवलेला होता. पंधरा वर्षांनी चीनला पुन्हा राजदूत पाठवतो आहोत, ही घोषणा लोकसभेत चव्हाणांनी केली आणि के. आर. नारायणन पेकिंगला गेले. चीनमुळं दिल्लीला गेलेल्या माणसानंच ती घोषणा केली, हे सरांनी तोंडानं कधी सांगितलं नाही, दोऱ्यावर बोट फिरवलं. दोऱ्याच्या वाटेत आणीबाणीही येत होती. “ते दहावीत,” असं सर म्हणाले. दहावीला आम्हाला दुसरे सर आले. तो रकाना कोराच राहिला, आणि सरांवर कितीही माया असली तरी तेवढं म्हणायलाच हवं.

१९७९ ची ओळ लहान : मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव चव्हाणांचा, म्हणजे एकेकाळच्या त्यांच्याच संसदीय सचिवाचा. मग चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. ते सरकार लोकसभेला सामोरंच गेलं नाही. मुलं या पदाखाली दोन रेघा ओढत, सर त्या खोडत.

दोन रेघांचा मान त्यांनी शेवटच्या ओळीला दिला होता : आठवा वित्त आयोग, अध्यक्ष चव्हाण, १९८२. केंद्राच्या तिजोरीवर चार वर्षं बसलेला माणूस आता त्या तिजोरीतलं राज्यांना किती, हे ठरवायला बसला. आयकरातला राज्यांचा वाटा ८५ टक्क्यांवर ठेवला. केंद्रीय अबकारीतला ४० वरून ४५ केला, आणि वाढवलेले पाच टक्के सगळ्यांत न वाटता तुटीतल्या राज्यांसाठी राखले. अहवाल १९८४ चा. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले. निबंधात ही ओळ कुणीच लिहीत नसे, कारण यात धावणं नाही. त्या वर्गातली एक मुलगी आज लेखापरीक्षणात मोठ्या हुद्द्यावर आहे. टक्केवारीचा तक्ता समोर आला की ती अजून पाचवा रकाना आधी बघते.

तक्ता २०१९ च्या महापुरात गेला. ग्रंथालयाचं खालचं कपाट दोन दिवस पाण्यात होतं. खळ सुटली, कागद कापडावरून लगद्यासारखा उतरला, पट्ट्या तेवढ्या राहिल्या. त्या भिंतीवर आता स्क्रीन आहे. चांगला आहे, पण एका वेळी एकच ओळ दिसते, १९६२ आणि १९७६ एकाच नजरेत येत नाहीत.

जुन्या वह्या जुळवून तक्ता पुन्हा तयार केला आहे, सोबत जोडतो. आणीबाणीचा रकाना भरलेला नाही, तसाच ठेवला आहे. समोरासमोरची दोन पानं लागतील, म्हणजे दोरा दाखवता येईल. जागा कमी पडली तर संपादकांनी हा लेख कापावा, तक्ता कापू नये.