रो-हाऊसच्या मधलं अंगण मंजूर करून घेताना

तीस गुंठे जमीन, समोरासमोर रो-हाऊसच्या दोन ओळी आणि मधे सगळ्यांचं मिळून एक हिरवं अंगण. गाड्या फाटकापाशीच थांबणार, घरांची दारं अंगणात उघडणार. मालक भावंडांना माझी ही कल्पना लगेच पटली. मोजणी, झोनचा दाखला, नकाशे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते बांधकाम परवानगीच्या टेबलावर.

"मॅडम, हे मधे काय दाखवलंय?"

"अंगण."

"ते कशात धरायचं?"

या एका प्रश्नावर आमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहिली. राज्याच्या २०२०च्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत १० टक्के मोकळी जागा सोडण्याची सक्ती ४,००० चौरस मीटरपासून पुढे लागते. आमची जमीन जेमतेम ३,०३५. म्हणजे सक्ती नाही. मग "लागत नाही तर दाखवता कशाला? दोन घरं वाढवा की!" हा सल्ला अभियंत्यांनी मनापासून दिला होता, याचाच जास्त राग आला. ओपन स्पेस लिहिलं की म्हणे तिला स्वतंत्र रस्ता दाखवा. मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, लिहिलं की अंगणातल्या जुन्या चिंचेभोवतीचा पार खोडा. काहीच लिहिलं नाही की छाननीचं सॉफ्टवेअर नकाशा परत पाठवी.

नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सात-सात घरं एकेका छोट्या चौकाभोवती बसवली, त्याचे फोटो मी घेऊन गेले. तिथल्या घरांच्या भिंती सामाईक नाहीत, आमच्या आहेत, हा फरक मीच आधी सांगून टाकला. साहेबांनी फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण ते सिडकोचं." विषय संपला.

त्यानंतर आली खरी त्रुटी, म्हणजे नकाशावर काढलेली हरकत: प्रत्येक घराच्या दारापर्यंत गाडीरस्ता दाखवा. म्हणजे अंगणाच्या मधोमध डांबर! तोंडी वाद घालून काही होईना, म्हणून त्रुटी लेखी मागितली. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लेखीच मागा, आणि उत्तर आवक शिक्का मारूनच द्या. कागदावर उतरल्यावर कळलं की टेबलावर प्रत्येक घर स्वतंत्र प्लॉट धरून तपासलं जात होतं. वेगळा प्लॉट म्हटला की त्याला वेगळा रस्ता लागणारच. आम्ही पोटविभागणी मागितलीच नव्हती. एका प्लॉटवरची समूह गृहरचना, असं ठळक लिहून नकाशा पुन्हा दिला. अंगणावर लिहिलं, "दोन इमारतींमधील अंतर". तेही नियमापेक्षा जास्तच भरत होतं. झालं मंजूर! पार मात्र नकाशात नुसतं झाड म्हणून राहिला.

आगीच्या बंबाला आत यायला वाट हवी, हा मुद्दा तोंडी निघालाच. त्यासाठी एका कडेला सहा मीटरचा पट्टा मुरूम दाबून, वर जाळीचे ब्लॉक टाकून ठेवलाय. गवत येतं आणि गाडीचं वजनही पेलतं.

हो, एक मागेच सांगायला हवं होतं. जुनं झाड असेल तर नकाशाच्या आधी उद्यान विभागात जा. १९७५च्या वृक्ष कायद्यामुळे झाडाबद्दलचा त्यांचा कागद शेवटी मागतातच, आणि झाडाची जागा तेव्हा कळली तर घरं सरकवावी लागतात.

अंगणाखाली पार्किंग काढायचा मोह ठेकेदाराला हमखास होतो. आम्ही ठाम नाही म्हटलं. स्लॅबवर भरलेल्या मातीत लॉन येईल, चिंच नाही. शिवाय आमची जमीन काळी. पाणी मुरायला शोषखड्डे लागलेच.

रो-हाऊसच्या मधल्या घराला उजेड-वारा फक्त पुढून आणि मागून मिळतो. त्यामुळे अंगणाकडची खिडकी मोठी काढा आणि स्वयंपाकघर तिकडेच ठेवा. मुलं खेळत असली की लक्ष राहतं.

आता मालकीचं. १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र नोंदवा आणि अंगणात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा लिहा. तिथे गाडी लावायची नाही, कुंपण घालायचं नाही, हेही त्यातच लिहा, आणि तेही पहिलं घर विकण्याआधी. आमच्याकडे ताबा मिळताच एकाने स्कूटर आत आणली होती. घोषणापत्राची प्रत दाखवल्यावर बाहेर गेली.