अल्बम ऐकलाय, मग ‘द वॉल’ पाहायचा कशाला?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: ‘द वॉल’ अल्बम तोंडपाठ आहे, मग त्यावरचा ॲलन पार्करने दिग्दर्शित केलेला सिनेमा वेगळा कशाला पाहायचा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्यातला नायक पिंक, त्याच्या वडिलांसाठी पाहायचा.

१९७९च्या अल्बममध्ये पिंक हा रॉकस्टार आहे. बाप युद्धात गेलेला, आई जीव गुदमरेल इतकं जपणारी, शाळेत छळ, मोडलेला संसार. एकेक वीट रचत तो स्वतःला कोंडून घेतो. वडील मात्र तिथे ओळी-दोन ओळींत येऊन जातात. ही गोष्ट रचणारा, बँडमधला रॉजर वॉटर्स, त्याचे स्वतःचे वडील फेब्रुवारी १९४४मध्ये इटलीत आंझिओला मारले गेले, तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. १९८२च्या सिनेमाची पटकथाही त्याचीच, आणि इथे त्याने ते दुःख पुरतं उघडं केलंय.

बागेतला प्रसंग पाहा. बाकीच्या पोरांसोबत त्यांचे वडील आहेत. छोटा पिंक एका परक्या माणसाच्या मागे लागतो, त्याचा हात धरू पाहतो. तो माणूस हात झटकतो. संवाद नाहीतच, नुसतं गाणं चालू. पुढे घरातल्या खणात त्याला वडिलांचा गणवेश सापडतो, आणि सोनेरी वर्खाचं सांत्वनपत्र. त्यावर राजाची सही आहे, पण रबरी शिक्क्याची. पोरगा गणवेश चढवून आरशासमोर उभा राहतो. त्या वेळी वाजणारं गाणं मूळ अल्बममध्ये नाहीच.

म्हणून नंतर बॉब गेल्डॉफने साकारलेला मोठा पिंक भुवया भादरून सभेत द्वेष ओकायला लागतो, तेव्हा मला तो नुसता खलनायक वाटत नाही. १९७७मध्ये मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला होता. त्या कृत्याची त्याला स्वतःलाच किळस आली आणि तिथून ‘द वॉल’ची कल्पना सुरू झाली. सिनेमातल्या ॲनिमेशनमध्ये चित्रकार जेराल्ड स्कार्फने काढलेले, कवायत करत येणारे हातोडे त्या थुंकण्यापासून फार लांब नाहीत.

पिंकच्या बायकोवर मात्र सिनेमा अन्याय करतो. तिची बाजू येतच नाही, तिची नुसती राक्षसीण होते. हे मला अजूनही खटकतं.

आणि हो, अल्बममधलं ‘हे यू’ हे गाणं सिनेमात नाही. माझं सगळ्यांत आवडतं गाणं तेच, त्यामुळे अल्बमही हाताशी ठेवा.