आजीचं पात्म

आमच्या आजीच्या पवित्र शास्त्रात प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ‘पात्म’ नावाचं बेट येतं. नगरच्या घरी दिवेलागणीला ती वाचायची, तेव्हा हे पात्म आभाळातच कुठेतरी असणार, असं मला वाटायचं. गेल्या मे महिन्यात ग्रीसमधल्या पिरेअस बंदरातून सातआठ तास बोटीत हाडं खिळखिळी करून घेतल्यावर खात्री पटली, बेट पृथ्वीवरच आहे. तिथे विमानतळ नाही. रात्री उशिरा स्काला बंदरात उतरले.

सकाळी डोंगरावरच्या होरा गावाकडे चालू लागले. वर बस जाते, पण यात्रेला बसने जायचं म्हणजे दिवेघाट गाडीतून चढण्यासारखं. जुनी दगडी वाट पाइनच्या झाडांतून जाते. दगड झिजून असे गुळगुळीत झालेत की नव्या बुटांनी मी दोनदा घसरले.

अर्ध्या वाटेवर योहानाची, म्हणजे प्रकटीकरण लिहिणाऱ्याची, गुहा. रोमन सत्तेने हद्दपार केलेल्या योहानाला दर्शन झालं ते इथेच, अशी परंपरा. बाहेरून पांढरी साधी इमारत दिसते. आत पायऱ्या उतरत जायचं. खाली छताच्या कातळात तिपेडी भेग आहे, तिला त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची, खूण मानतात. भिंतीत जमिनीलगत चांदीने मढवलेली एक खोबण: योहान इथे डोकं टेकायचा म्हणे. एका म्हातारीने तिथे कपाळ लावलं, मग पिशवीतून नातवाचं असावं असं इवलं झबलं काढून दगडावर फिरवलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असलं काही चालत नाही. तरी मी हळूच तळवा टेकवला. कातळ गार होता, किंचित चिकट.

तिथे तास कसा गेला कळलं नाही आणि त्याचा फटका वर बसला. होरा म्हणजे पांढऱ्या घरांची दाटी, बोळ इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्यावर तिकडून आलेल्या निर्वासितांनी गाव वाढलं. माथ्यावर करड्या दगडाचा मठ. मठ कसला, चाच्यांच्या धाकाने बांधलेला गडच! 1088 मध्ये बायझंटाईन सम्राट अलेक्सिओसने ख्रिस्तोदुलोस या संन्याशाला बेटच देऊन टाकलं, त्याने तो उभारला. मी पोचले तेव्हा दुपारच्या सुट्टीसाठी दार बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी चढण. पण संग्रहालयातली मार्कच्या शुभवर्तमानाची सहाव्या शतकातली पानं पाहिली आणि पायांची कुरकुर थांबली. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीची अक्षरं.

बाहेर कठड्याशी उभी राहिले. पूर्वेला समुद्रापलीकडे तुर्कस्तान. योहानाने पत्रं लिहिली त्या सातही मंडळ्या त्याच बाजूला. आजीसारखी बोटांवर मोजू लागले: इफिस, स्मुर्णा, पर्गम, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सहाच भरल्या. आईला फोन लावला.

“थुवतीरा,” ती म्हणाली. “आणि उन्हात उभी आहेस ना? डोक्यावर काही घेतलंयस का?”